ड्यूटीवर पडलात, डोक्याला लागलं? अनुभव लिहा

पेशंट पलंगावरून पडला की आपण डॉक्टरांना बोलावतो, फॉर्म भरतो, तासातासाला डोळ्यांच्या बाहुल्या तपासतो. स्टाफमधलं कोणी पडलं तर पाण्याचा ग्लास आणि 'बसा जरा'. अशा पडण्याबद्दल लिहा. हॉस्पिटलचं नाव नको.

आयसीयू सिस्टर, नाईट ड्यूटी
सलाइन गळून लादी ओली झालेली. पाय सरकला, डोकं मागून बेडच्या लोखंडी दांड्यावर. रेसिडेंट डॉक्टरने टॉर्च मारून पाहिलं, 'ओके आहे सिस्टर.' व्हेंटिलेटरवरचे पेशंट कोणाच्या भरवशावर सोडणार? सकाळी हँडओव्हर देऊनच निघाले. सीटी नॉर्मल आला. पुढे कितीतरी दिवस मॉनिटरचा उजेड सोसवेना, थेंब मोजताना आकडा मध्येच हरवायचा. पण सीटी नॉर्मल म्हणजे नाटक, असंच सगळ्यांनी धरलं. त्यात आमच्या सासूबाईही आल्या.

मावशींचा मुलगा
आई कंत्राटी सफाई कामगार, रक्त पातळ करायची गोळी चालू. फिनाइलच्या लादीवर पडली. टेंगूळ आलं, बर्फ लावला, विसरलो. तीनेक आठवड्यांनी पाय ओढायला लागली, बोलताना अडखळायची. आम्हाला वाटलं, वय झालं. मेंदूच्या आवरणाखाली हळूहळू रक्त साठत होतं. कवटीला भोक पाडून काढलं. ठेकेदार म्हणतो, घरी पडली असेल! नशीब, वॉर्डच्या सिस्टरने त्याच दिवशी रिपोर्ट बुकात दोन ओळी लिहून ठेवल्या होत्या. ईएसआयचं, म्हणजे कामगार राज्य विम्याचं, सगळं प्रकरण त्या दोन ओळींवर उभं राहिलं.

ओटी टेक्निशियन
सी-आर्मची, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधल्या एक्स-रे मशीनची वायर. कपाळाला चार टाके. वायर अजून तशीच आडवी असते.

नर्स, इंग्लंड
इथे मी पडले तेव्हा वॉर्ड मॅनेजरने आधी मला कामावरून उतरवलं. दुखापतीमुळे सात दिवसांहून जास्त काम बंद राहिलं तर रिडॉर नियमांखाली सरकारी यंत्रणेला कळवावंच लागतं. माणसं कमी इथेही आहेत, पण कागद चुकत नाही.

एचआरमधला एक
मावशींच्या मुलाला: कामावरच्या अपघातात तात्पुरतं अपंगत्व आलं तर ईएसआयकडून सरासरी पगाराच्या ९० टक्के भत्ता मिळतो. ठेकेदाराच्या माणसांची वर्गणी भरण्याची पहिली जबाबदारी मूळ मालकाची, म्हणजे हॉस्पिटलची. ठेकेदाराशी वाद घालत बसू नका.

आयसीयू सिस्टर, नाईट ड्यूटी
आणि ज्यांचा पगार महिन्याला २१,००० च्या वर आहे त्यांनी? मी तर ईएसआयमध्ये बसतच नाही. पडल्यावर घेतलेली रजा माझ्या खात्यातूनच गेली.