फोंडा: जुन्या बिल्डिंगचे पाण्याचे आणि संडासचे उभे पाइप बदलायचे आहेत, बंद फ्लॅटांचं काय करायचं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. फोंड्यात आमची तळमजला अधिक चार मजल्यांची बिल्डिंग आहे, १९९४ सालची. यंदा कमिटीत पाइपांचं काम माझ्याकडे आलंय. जरा सविस्तर लिहितो, अर्धवट माहितीवर कोण काय सांगणार.

पाण्याची सगळी लाइन जीआयची, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी पाइपांची. गच्चीवरच्या टाकीतून उभे पाइप डक्टमधून (पाइपांसाठी ठेवलेल्या उभ्या पोकळीतून) खाली येतात आणि तिथून अर्ध्या इंचाचे फाटे प्रत्येक फ्लॅटच्या भिंतीत शिरतात. संडासचे उभे पाइप बिडाचे, शिशाच्या जोडाचे. सकाळी पहिला नळ सोडला की तांबूस पाणी येतं, थोड्या वेळाने साफ होतं. सगळे म्हणत होते ओपाच्या सरकारी पाणी प्रकल्पाहूनच तसं येतंय, म्हणून आम्ही संपमधलं (खालच्या जमिनीतल्या टाकीतलं), गच्चीच्या टाकीतलं आणि दुसऱ्या मजल्याच्या नळाचं पाणी काचेच्या बाटल्यांत भरून शेजारी शेजारी ठेवलं. संप साफ, टाकी साफ, नळाची बाटली तेवढी तांबूस आणि तळाला गाळ. म्हणजे रात्रभर पाणी पाइपात उभं राहतं तिथेच गंज उतरतोय, आतला जस्ताचा थर कधीच गेलाय. डक्टमधला एक तुकडा कापून बघितला तर आतून गंजाच्या गाठी धरलेल्या, मधून पेन्सिल जेमतेम जाईल एवढीच वाट.

चौथ्या मजल्यावर शॉवरला पाणीच चढत नाही, तिथले काका प्रेशर पंप बसवतो म्हणून मागे लागलेत. मी त्यांना हात जोडून थांबवलंय. या सडक्या जीआयवर पंपाचं प्रेशर आलं तर भिंतीतले जोड कुठे कुठे सुटतील सांगता येत नाही आणि भिंती चिऱ्याच्या, एकदा पाणी शिरलं की महिनोन्‌महिने ओल जात नाही.

त्याहून वाईट म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे संडासच्या बिडाच्या पाइपाला उभी चीर गेलीय. वरून कोणी फ्लश केला की डक्टची भिंत ओली होते. दुसऱ्या मजल्यावर एक म्हातारी आजी एकट्या राहतात, त्यांच्या बाथरूमच्या भिंतीचं प्लास्टर सुटलंय आणि वास आहेच. हे मला खरंच सहन होत नाही, त्यांचा यात काहीच दोष नाही.

आता तीन प्लंबरांनी तीन गोष्टी सांगितल्या. एक म्हणतो चिरेला एमसील आणि पट्टी मारतो, जीआयचे सडलेले तुकडे तेवढे बदलतो. दुसरा म्हणतो सगळं काढा, भिंतीतलंसुद्धा. तिसरा म्हणतो भिंतीतली जुनी लाइन तिथेच मरू दे, डक्टमधून नवीन सीपीव्हीसीची (प्लास्टिकच्या पाइपाची) उभी लाइन घ्या आणि फ्लॅटच्या आत ज्याचं त्याने बघावं. कोटेशनचे आकडे इथे टाकत नाही कारण एकाने फुटावर दर दिलाय, एकाने ठोक रक्कम आणि एकाच्या रकमेत मचाण, तोडफोड, प्लास्टर काहीच धरलेलं नाही, तुलना होतच नाही.

माझं स्वतःचं मत अख्खी लाइन गच्चीपासून खाली ड्रेनेजच्या चेंबरपर्यंत एकदाच करावी असं आहे. ठिगळं लावून आजवर जे पैसे गेले त्याचा हिशोब जुन्या वह्यांत दिसतोय. पण अडचण बंद फ्लॅटांची. काही मालक मुंबईला, दोघं पोर्तुगालचा पासपोर्ट करून इंग्लंडला गेलेत, एक गल्फमध्ये. किल्ल्या कुणाकडे ते कधी कळतं कधी नाही, फोन लागला तर म्हणतात चवथीला (गणपतीला) येतो तेव्हा बघू. चवथ म्हणजे ऐन पावसाळा! डक्टमध्ये मचाण बांधून काम करायचं तर फार तर शिगम्यापर्यंत (होळीच्या सुमारास) सुरू करायला हवं, एप्रिल-मेमध्ये पाण्याचीच ओढाताण असते, टाकी रिकामी ठेवून चालणार नाही.

तर विचारायचंय ते असं. बंद फ्लॅट मधे असताना उभी लाइन बदलता येते का? सीपीव्हीसी घ्यावं की पीपीआर (हेही प्लास्टिकचंच)? आणि डक्टमधला खर्च सोसायटीचा पण भिंतीतला मालकाचा, हे कुठे लिहिलेलं आहे का, कारण पहिल्या मजल्यावरचे म्हणतात आम्हाला पाणी व्यवस्थित येतं, आम्ही का भरावं.

प्रतिसाद १

मी साइट सुपरवायझर म्हणून मडगावात काम करतो, अशा बऱ्याच जुन्या बिल्डिंगी बघितल्यात. चिरेला एमसील मारणाऱ्याला नको सांगा. बीड एकदा उभं चिरलं की चीर वाढतच जाते.

बंद फ्लॅट असला तरी काम अडत नाही, हे आधी डोक्यातून काढा. तुमचं सगळं डक्टमध्ये आहे हे नशीब. संडासच्या भांड्याचा पाइप भिंतीबाहेर येऊन डक्टमध्येच उभ्या पाइपाला मिळतो, तो जोड बाहेरूनच सोडवून नवीन ११० मिलिमीटरच्या पाइपाला देता येतो, घरात शिरायची गरज बहुतेक पडत नाही. पाण्याचंही तेच, प्रत्येक फ्लॅटचा फाटा डक्टमध्येच कापायचा, तिथे व्हॉल्व आणि युनियन (सोडवता येणारा जोड) बसवायचं आणि पुढे भिंतीतल्या जुन्या जीआयला जोडायचं. जो फ्लॅट बंद आहे त्याचा व्हॉल्व बंद ठेवून द्या, मालक आला की आतलं तो करेल. हा प्रत्येक फ्लॅटला वेगळा व्हॉल्व अजिबात सोडू नका, पुढे एकाच्या घरात नळ बदलायचा असला तर अख्ख्या लाइनचं पाणी बंद करावं लागत नाही.

बिडाचा पाइप वरून खाली काढत यायचा, खालचा आधार आधी काढलात तर वरचं वजन अंगावर येईल. नवीन लाइन मात्र खालून वर चढवायची. ती करताना त्या डक्टवरचे सगळे संडास बंद, वरच्या मजल्याचासुद्धा, त्यामुळे एका वेळी एकच डक्ट धरा आणि त्या लोकांना शेजारच्या बाजूच्या फ्लॅटमध्ये सोय करून द्या, आधी सांगून ठेवा. खाली चेंबरकडे वळताना एकच काटकोनी बेंड नको, दोन ४५ अंशाचे घ्या आणि तिथे दार असलेला तुकडा ठेवा, चोकअप काढायला. तळमजल्याचा संडास उभ्या पाइपाला न जोडता वेगळा थेट चेंबरला न्या, नाहीतर खाली तुंबलं की सगळं त्यांच्या घरात वर येतं. वर गच्चीच्या बाहेर व्हेंट काढा. क्लॅम्प स्टेनलेसचे घ्या, आपल्या हवेत साधे लोखंडी टिकत नाहीत.

प्रतिसाद २

वास्कोची आहे. आमच्याकडे हेच काम झालं. वरच्या दादांनी सगळं बरोबर सांगितलंय, एक जोडते. तुमच्या डक्टमध्ये राखाडी, सिमेंटसारखे दिसणारे जुने पाइप असतील, पावसाच्या पाण्याचे किंवा व्हेंटचे, तर ते ॲस्बेस्टॉसचे असू शकतात. ते ग्राइंडरने कोरडे कापू देऊ नका, धूळ फुप्फुसात जाते आणि ती वाईट. पाणी मारून, शक्यतो न तोडता जोडातून सोडवायचे, मजुरांना चांगले मास्क द्या. आमच्या कंत्राटदाराला हे सांगावं लागलं, त्याने नुसता रुमाल बांधला होता.

आणि गच्चीचं पावसाचं पाणी संडासच्या लाइनला जोडलंय का बघून घ्या. आमच्याकडे होतं आणि जुलैत सेप्टिक टँक दरवर्षी भरून वाहायचा. वेगळं केल्यापासून नाही.

प्रतिसाद ३

म्हापसा. सोसायटीचा सेक्रेटरी होतो म्हणून खर्चाचं सांगतो. महाराष्ट्राच्या आदर्श उपविधींत बाहेरची पाण्याची लाइन, ड्रेनेजची लाइन, टाक्या, पंप हे सोसायटीने करायचं असं आहे. पण गोव्याचा सहकारी संस्था कायदा वेगळा, २००१ चा, त्यामुळे तुमच्या सोसायटीचे नोंदलेले उपविधी काढून दुरुस्तीचं कलम वाचा, त्यावर बोला. ठराव सर्वसाधारण सभेत घ्या, कमिटीत नको. बंद फ्लॅटवाल्यांना स्पीड पोस्ट आणि ईमेल दोन्ही पाठवा, कामाच्या तारखा त्यात लिहा. पहिल्या मजल्याला सांगा की उभ्या पाइपाचं वरचं सगळं पाणी तुमच्याच भिंतीजवळून खाली येतं, फुटला तर आधी तुमच्याच घरात.

सीपीव्हीसी की पीपीआर यावर भांडण करू नका, दोन्ही चांगले. सीपीव्हीसी सॉल्व्हंट सिमेंटने जोडतात, डक्टमध्ये हात पोचला की काम होतं. पीपीआरला तापवून जोडायचं मशीन अरुंद डक्टमध्ये धरायला त्रास होतो. साधं यूपीव्हीसी प्लास्टिक गिझरच्या गरम पाण्याला चालत नाही, सीपीव्हीसी ९३ अंशांपर्यंत चालतं. पाइपावर आयएस १५७७८ (सीपीव्हीसीचं भारतीय मानक) छापलेलं बघूनच घ्या. गच्चीवर उन्हात असलेल्या भागाला पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक रंग द्या, ऑइल पेंट नको.

धागाकर्ता

खूप खूप आभार सगळ्यांचे. डक्टमधूनच बंद फ्लॅटांचा फाटा कापता येतो हे कळल्यावर अर्धं ओझं उतरलं. आज डक्टमध्ये बॅटरी घेऊन उतरलो, राखाडी पाइप आहेच, पावसाच्या पाण्याचा, आणि तो खाली सरळ संडासच्याच चेंबरला जातोय. म्हणजे तेही वेगळं करावं लागणार. तिसऱ्या प्लंबरला बोलावून हे सगळं कोटेशनमध्ये ओळीओळीने मागतोय: व्हॉल्व, युनियन, स्टेनलेस क्लॅम्प, ४५ चे बेंड, तळमजल्याची वेगळी लाइन, पावसाचा पाइप, मचाण, प्लास्टर.

अजून एक विचारतो. काम झाल्यावर प्लास्टर करायच्या आधी प्रेशर टेस्ट किती प्रेशरला आणि किती वेळ घ्यायची? टाकीपासून तळमजल्याच्या नळापर्यंत साधारण १५ मीटर उंची आहे, म्हणजे खाली दीड बारच्या आसपास, पण चौथ्या मजल्याचे काका पंप बसवणारच आहेत. पंपाचं प्रेशर धरून टेस्ट घ्यायला सांगू ना?

प्रतिसाद १ कडून

हो, पंपाचंच धरा. पंप जास्तीत जास्त जेवढं देईल त्याच्या दीडपट प्रेशर हातपंपाने चढवा आणि काटा खाली येतो का बघत बसा. पण शेवटचा जोड लावल्यावर सिमेंट पूर्ण सुकायला एक अख्खा दिवस द्या, लगेच टेस्ट घेऊ नका. बंद फ्लॅटांचे व्हॉल्व टेस्टच्या वेळी बंदच असू देत, नाहीतर सगळं प्रेशर आतल्या जुन्या जीआयवर जाईल आणि तिथे बघायला कोणी नसेल. राहत्या फ्लॅटांतली आतली लाइन बदललेली नसेल तर त्यांचेही बंद ठेवा. आणि काकांना म्हणावं पंप उभ्या लाइनला नको, स्वतःच्या फ्लॅटच्या फाट्यावर बसवा, तोही आतली लाइन बदलल्यावरच.