बेंच ड्रिलवर एंड मिल लावून अ‍ॅल्युमिनियममध्ये स्लॉट निघेल का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, गच्चीवरच्या खोलीत छोटंसं वर्कशॉप आहे, त्यात १३ मिमी चकचा बेंच ड्रिल, पाच स्पीडवाला, स्पिंडल एमटी २ (मोर्स टेपर, म्हणजे चक बसवायची निमुळती खाच). सध्या बेल्ट ग्राइंडर बनवतोय, त्याच्या मोटरखाली १० मिमी जाड अ‍ॅल्युमिनियमची प्लेट येणारे आणि बेल्ट ताणायला मोटर मागेपुढे सरकायला हवी म्हणून ९ मिमी रुंद, ४० मिमी लांब असे चार स्लॉट (लांबट आरपार खाचा) पाहिजेत. मिलिंगवाल्यांकडे जाऊन आलो, एका पीससाठी कोणी सेटिंग करायला तयार नाही, "ठेवून जा, बघू" म्हणतात, म्हणजे काय ते कळलंच असेल.

तर विचार असा की टेबलावर क्रॉस स्लाइड व्हाइस (स्क्रूने दोन्ही दिशांना सरकणारा शिकंजा) बसवायचा, चकमध्ये एंड मिल (बाजूनेही कापणारं कटर) धरायचा आणि अर्धा-अर्धा मिमी काप घेत जायचं. पण क्विल (स्पिंडल खालीवर नेणारी नळी) पूर्ण खाली आणून चक हाताने हलवला तर डायल गेज ०.१५ मिमी हलणं दाखवतंय, आणि क्विलला लॉक नाहीये, फक्त डेप्थ स्टॉप आहे. शिवाय सगळे म्हणतात की चक सुटून खाली पडतो. हे खरंच होतं का उगाच घाबरवतात? स्पीड किती ठेवू? व्हाइस घ्यायच्या आधी विचारतोय, पैसे गेल्यावर नको.

प्रतिसाद:
भाऊ, चक पडतो हे खरंय. मिलिंग मशीनला वरून ड्रॉबार (लांब बोल्ट) असतो, तो टेपर ओढून धरतो. ड्रिलला तसलं काही नसतं, टेपर नुसता घट्ट बसून टिकतो. भोक पाडताना जोर खालून वर येतो त्यामुळे टेपर अजून घट्ट होतो, मिलिंगमध्ये जोर बाजूने येतो, वर थरथर, आणि एंड मिलची पिळाची धार कटरला खाली ओढते. तुमच्याकडे बहुतेक दोन टेपर असतील, एक स्पिंडलमध्ये आणि एक चकच्या मागे, कोणताही सुटू शकतो. फिरता चक मांडीवर आला तर मजा नाही. त्यात चकचे तीन जबडे कडक शँकला (कटरच्या दांड्याला) नीट धरत नाहीत, एंड मिल हळूहळू खाली सरकतो आणि काप आपोआप खोल होत जातो.

आणि पूर्ण रुंदीचा स्लॉट काढताना एका बाजूला कटर जॉबला (कापायच्या तुकड्याला) ढकलतो, दुसऱ्या बाजूला ओढतो, त्यामुळे स्वस्तातल्या क्रॉस व्हाइसच्या स्क्रूला प्ले, म्हणजे ढिलेपणा असेल (असतोच) तर जॉब एकदम झटका मारतो.

पण मुळात तुम्हाला मिलिंग लागतंच कशाला? मोटर सरकवायचा स्लॉट आहे, ०.२ इकडेतिकडे झालं तरी बोल्टला काय फरक पडतोय. टोकांना ९ ची भोकं मारा, मध्ये ओळीने ८ ची, दोन भोकांत जेमतेम एक मिमी भिंत ठेवा, एकात एक घुसवू नका नाहीतर ड्रिल बाजूला पळतं. मग भिंती भोकातून जाईल अशा अरुंद (ज्युनियर) हॅकसॉ ब्लेडने तोडा आणि चपट्या कानशीने रेघेपर्यंत या. अ‍ॅल्युमिनियम आहे, चारही स्लॉट दुपारभरात होतील. कानस भरली की ब्रश मारा, खडू घासला तर कमी भरते.

धागाकर्ता:
हे पटलं. पण भिंती तोडायला ८ चा एंड मिल सरळ खाली दाबला तर? बाजूला अजिबात सरकवायचा नाही.

प्रतिसाद:
चालेल, जोर सरळ वर जातो. फक्त दोन धारांचा स्लॉट ड्रिल घ्या, मध्यभागीही कापणारा, चार धारांच्या काहींना मध्ये खड्डा असतो ते खाली उतरत नाहीत. स्पीड हजार-दीड हजार आरपीएम ठेवा, एचएसएसला (हाय स्पीड स्टीलच्या कटरला) जास्तही चालतं पण तुमच्या क्विलला नको. थोडं रॉकेल किंवा डब्ल्यूडी-४० स्प्रे मारत राहा, धारेला अ‍ॅल्युमिनियम चिकटतं. व्हाइस साधाच घ्या, पण टेबलाला बोल्टने पक्का आवळा, हातात धरून नको.