जेएमआरआय (मॉडेल रेल्वे चालवायचं सॉफ्टवेअर): रूट चालतो, पण सांधा (रूळ बदलायची जागा) डब्याखालीच फिरतो!

रूळवेडा: एचओ (१:८७ माप) मॉडेल लेआउट, डीसीसी (रुळांतूनच डिजिटल आज्ञा). सेन्सर लागला की दोन सांधे फिरतात इतपत रूट (ठरलेले सांधे एकदम फिरवणारी मांडणी) जमलाय पण मालगाडी लूपमध्ये (बाजूच्या रुळावर) पूर्ण शिरायच्या आतच ब्लॉक (रुळाचा तो वेगळा तुकडा) मोकळा दाखवतो आणि सांधा फिरतो, काल गार्डाचा डबा आडवा पडला. काय चुकतंय?

खटका: ब्लॉकमध्ये गाडी आहे का ते ओळखणारा डिटेक्टर करंट बघणारा आहे ना? मग इंजिन दिसणार, प्लास्टिकच्या चाकांचे डबे नाही. निदान शेवटच्या डब्याला धातूची चाकं घाल, एका अ‍ॅक्सलवर १० किलोओहमचा रेझिस्टर चिकटवून कंडक्टिव्ह (वीजवाहक) पेंटने जोड, म्हणजे थोडा करंट वाहून तो डबाही दिसेल.

सायडिंगकाका: +१. आणि त्या ब्लॉकचा सेन्सर रूटमध्ये ‘व्हेटो अ‍ॅक्टिव्ह’ ठेव, म्हणजे ब्लॉक भरलेला असताना रूट चालणारच नाही. गाड्या आपोआप थांबवायच्या तर डिस्पॅचर (जेएमआरआयमधलाच गाड्या चालवणारा भाग) लागेल, पण ते नंतर बघ.

रूळवेडा: अरे हो, चाकं प्लास्टिकचीच! रविवारी बसतो.