इंद्रजालच्या गंजक्या पिना, कुरडईचा चीक आणि नेपोलियन सोलो
(घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीचा ग्रुप, ठाणे)

बी-६०२: माळ्यावरून खोका काढलाय. मराठी इंद्रजाल कॉमिक्स साधारण साठ, शिवाय 'मॅन फ्रॉम अंकल'चे, म्हणजे टीव्हीवरच्या नेपोलियन सोलो या हेराचे, चार इंग्रजी अंक. कुबट वास येतोय, पिना गंजल्यात, पाच-सहा अंकांवर पांढरट बुरशी. उद्या ऊन पडलं तर गच्चीत वाळत घालू का?

सी-३०१: ताई, ऊन अजिबात नको. हा लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद आहे, त्यात लिग्निन (लाकडातला, पिवळा पडणारा घटक) भरपूर. उन्हात तो लवकर पिवळा पडतो आणि पुढे कडा पापडासारख्या मोडायला लागतात. शिवाय एक बाजू आधी सुकते, त्यामुळे अंक वाकडा होतो तो कायमचा.

सी-३०१: आधी बुरशीवाले वेगळे करा. बाकीचे एका खोलीत सुती चादरीवर सुटे मांडा, एसी ड्राय मोडवर, पंखा चालू पण अंकांवर थेट वारा नको. रोज एकदा पलटायचे. तीन-चार दिवस तरी लागतील.

डी-८०१: मी तर सिलिका जेलच्या पुड्या टाकून डबा बंद केला असता.

सी-३०१: कसल्या पुड्या? बुटांच्या खोक्यात येतात त्या? हिशेब बघ. पाच किलो कागद आपल्याकडच्या पावसाळ्यात शंभर-दीडशे ग्रॅम जास्तीचं पाणी सहज धरून बसतो. जेल आपल्या वजनाच्या साधारण पाव हिस्सा पाणी घेतं. म्हणजे अर्धा किलो जेल हवं. पाच ग्रॅमच्या पुड्या किती टाकशील? म्हणून आधी खोलीत सुकवायचं, मग डबा. डब्यात जेल फक्त राखणीला.

सी-३०१: आणि नारिंगी जेल घ्या, निळं नको. निळ्यात कोबाल्ट क्लोराइड असतं, ते अपायकारक. नारिंगी रंग गेला की ओटीजीत १२० अंशांवर दोन तास, परत तयार. डब्यात हवेतला दमटपणा मोजणारा साधा हायग्रोमीटर ठेवा. काटा ५० टक्क्यांच्या आसपास हवा. ६५च्या वर बराच काळ राहिला की बुरशी परत येणार म्हणून समजा.

सेक्रेटरी: सर्व सभासदांना सूचना. उद्या सकाळी १० ते २ पाण्याच्या टाकीची सफाई. कृपया पाणी भरून ठेवावे.

ए-११०४: बुरशीचं राहिलं. ओली असताना पुसायची नाही, पुसलीत तर ती कागदात जिरते. पूर्ण सुकली की तिची पूड होते. मग मास्क लावून, गॅलरीत, मऊ रुंद ब्रशने, कण्याकडून बाहेरच्या कडेकडे. ब्रश नंतर धुवा, घरात झटकू नका. घरात दम्याचं कुणी असेल तर त्यांनी या भानगडीत पडूच नये.

बी-६०२: आणि कसर? दोन अंकांच्या कडा कुरतडल्यात. डांबराच्या गोळ्या टाकू?

सी-३०१: नको. गोळ्यांचा वास या कागदात वर्षानुवर्षं राहतो, आणि बुरशीचं त्याने काही बिघडत नाही. सुकलेले अंक झिपच्या पिशवीत, हवा दाबून काढून, डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे. उणे १८ पुरतं. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही! २४ तास तशीच बंद. नाहीतर थंड कागदावर दव धरतं आणि सगळी मेहनत पाण्यात. मासळी ठेवता त्या कप्प्यात ठेवू नका एवढंच.

ए-११०४: आता पिना. हे काम घाईचं नाही. अंक मधोमध उघडा, पिनेच्या मुडपलेल्या टोकांची बाजू तिथे दिसते. टोकाखाली ओएचपीच्या पारदर्शक शीटचा बोटभर तुकडा सरकवा, म्हणजे सुरी घसरली तरी कागद वाचतो. लोण्याच्या बोथट सुरीने टोक हळू उभं करा. दोन्ही टोकं सरळ झाली की अंक उलटा करून बाहेरून चिमट्याने पिन सरळ वर ओढा. तिरकी ओढलीत की भोक फाटतं. टोक गंजाने कागदाला चिकटलं असेल तर ओढाताण नको, नेलकटरने तुकडा पाडा.

ए-११०४: ऑफिसातलं पिना काढायचं दाताचं यंत्र वापरू नका. इंद्रजालच्या कण्याची निम्मी दुखणी त्यानेच केलेली असतात.

डी-८०१: मग नवीन स्टेपल मारायची?

ए-११०४: मारायची नाही. जुन्या भोकांतूनच सुती दोरा. आतून एका भोकातून बाहेर, दुसऱ्यातून आत, गाठ आत मधल्या पानावर. दोऱ्याला ताण बेताचा, नाहीतर तो कागद कापतो. स्टीलची पिन मिळाली तर तीही चालेल, पण हाताने वाकवून, जुन्याच भोकांतून. आणि जुन्या पिना छोट्या पाकिटात अंकाचा क्रमांक लिहून ठेवा. पिन बदलली की जाणकार घेणारा तो अंक 'दुरुस्त केलेला' धरतो, ते सांगावं लागतं. नुसता वरवरचा तांबूसपणा असेल आणि पानाला डाग उतरला नसेल तर पिन राहू दे तशीच.

बी-६०२: डाग उतरलाय. लिंबू-मीठ लावून जातो म्हणतात.

सी-३०१: कपड्याचा जातो, ताई. कागदाला लिंबू म्हणजे आम्ल, तिथला कागद हळूहळू मोडतो. डाग राहू द्या. साठ वर्षांच्या वेताळाला, म्हणजे आपल्या फँटमला, एवढा डाग शोभतो.

ए-२०५: फाटलेल्या पानांना सेलोटेप सोडून काय लावायचं तेही सांगा. आमच्याकडे पण दोन गठ्ठे आहेत.

सी-३०१: सेलोटेपचा चिकट थर काही वर्षांत तपकिरी होऊन कागदात उतरतो आणि वरची पट्टी सुटून पडते. त्याऐवजी जपानी टिश्यू (लांब तंतूंचा पातळ पण चिवट कागद) आणि गव्हाची खळ. टिश्यू कापायचा नाही, ओल्या ब्रशने रेघ मारून फाडायचा, म्हणजे कडेला तंतू राहतात आणि जोड दिसत नाही.

सी-३०१: खळ मैद्याची नको. मैद्यात ग्लुटेन राहतं, ते पिवळं पडतं आणि कसरीला मेजवानी. नुसता स्टार्च हवा, आणि तो आपल्या घरांत कायम होत आलाय: कुरडईचा चीक! गहू तीन दिवस भिजत, पाणी रोज बदलायचं, वाटून गाळायचं, खाली बसलेला पांढरा साका घ्यायचा. फरक एवढाच की कुरडईला थोडा आंबूसपणा चालतो, इथे नाही. साक्यावर ताजं पाणी घालून, बसू देऊन, वरचं ओतून टाकायचं. असं चार वेळा, वास जाईपर्यंत. मग एक भाग साका, पाच भाग पाणी, मंद आचेवर सतत ढवळत वीसेक मिनिटं. दुधी रंग जाऊन काचेसारखी झाली की उतरवा. गार झाल्यावर बारीक चाळणीतून दाबून गाळा. लावताना ताकाइतकी पातळ करा आणि ब्रश जवळजवळ कोरडा ठेवा. जास्त ओलं झालं की छपाईची शाई मागच्या बाजूला उमटते.

बी-६०२: सासूबाई विचारतायत, त्यात मोरचूद घालायचं का? पुस्तकं बांधणारे बाइंडर घालायचे म्हणे.

सी-३०१: सासूबाईंचं बरोबर आहे, घालायचेच, किडीसाठी. पण तांब्याचे क्षार कागदाला लवकर जाळतात, म्हणून अंकांना नको. खळ थोडी करा, फ्रिजमध्ये पाच-सहा दिवस, आंबली की फेकून द्या. झाकणावर नाव लिहा, नाहीतर कुणीतरी दूध-साखर घालून खाईल.

ए-११०४: आता अंकांबद्दल, कारण दुरुस्ती कशाची करायची ते आधी ठरवायला हवं. इंद्रजाल मार्च १९६४ ते १९९०. टाइम्सच्या बेनेट कोलमनचं प्रकाशन, पहिला अंक वेताळाच्या कमरपट्ट्याच्या गोष्टीचा. सुरुवातीचे ३२ अंक वेताळाचेच. मासिक होतं, पुढे पाक्षिक, मग साप्ताहिक. जुन्या मुखपृष्ठांवरची बी. गोविंद यांची चित्रं वेगळीच ओळखू येतात. सलग क्रमांक पुढे थांबले आणि खंड-अंक अशी मोजणी आली. १९६४ हा खंड १ धरला तर १९८३ म्हणजे खंड २०. कपाटात लावताना हे दोन गट एकत्र करू नका, डोकं फिरतं.

ए-११०४: प्रत्येक अंकाचं मधलं पान आहे का ते आधी बघा. पिना सैल झाल्या की तेच पहिलं निसटतं. मुखपृष्ठ चकाचक आणि मधलं पान गायब, असा अंक मोडक्या पण पूर्ण अंकापेक्षा कमी मोलाचा. माझं मत विचाराल तर वाचायलाही.

डी-८०१: वेताळाचा देश इंग्रजी चित्रपट्टीत बंगाला की काय आहे ना? इंद्रजालमध्ये डेंकाली कुठून आलं?

ए-११०४: ली फॉकने १९३६ मध्ये पट्टी सुरू केली तेव्हा देश बंगालसारख्या नावाचा आणि चाचे 'सिंग' टोळीचे. ते इथे छापलं असतं तर गहजबच. म्हणून डेंकाली आणि 'सिंगा'. शिवाय वर्तमानपत्रातली महिनोन्‌महिने चालणारी पट्टी ठरलेल्या पानांत बसवायची म्हणजे चौकटी कापाव्या लागायच्या. गोष्टीत मधेच उडी वाटली तर दर वेळी पान हरवलंय असं समजू नका, पानांचे आकडे बघा.

ए-२०५: यात हेरांचं काय ते मी सांगतो. खोक्यात फिल कॉरिगनचे अंक असतील तर ते वेगळे काढा, ताई. मूळ नाव सिक्रेट एजंट एक्स-९, जानेवारी १९३४, लेखन डॅशिएल हॅमेट आणि चित्रं अ‍ॅलेक्स रेमंड. म्हणजे टीव्हीवरच्या नेपोलियन सोलोच्या तीस वर्षं आधी. १९६७ पासून आर्ची गुडविन आणि अल विल्यमसन, आणि पट्टी कॉरिगनच्या नावाने. विल्यमसनचे कॉरिगन १९८० पर्यंत. रोजच्या पट्ट्या मुळात काळ्या-पांढऱ्या. इंद्रजालने त्यांवर रंग चढवले आणि ब्रशची बारीक रेघ त्या रंगाखाली गेली. मला तर राग येतो ते बघून.

ए-११०४: राग कसला, त्या रंगांमुळेच स्टॉलवर खपायचे!

ए-२०५: खपू देत. पण स्कॅन करणार असाल तर ६०० डीपीआयवर रंगीत करा आणि छपाईचे ठिपके घालवायचं डीस्क्रीन सेटिंग बंद ठेवा. ते चालू असलं की ठिपक्यांबरोबर रेघही पुसते. पडद्यावर जाळी दिसली तर नंतर प्रत लहान करताना जाते. पानामागे काळा कागद ठेवा, मागच्या पानाची छपाई दिसत नाही.

बी-६०२: आणि अंकलचे चार? टीव्हीवरच्याच गोष्टी आहेत का?

ए-२०५: नाहीत, बहुतेक नव्या रचलेल्या. गोल्ड की प्रकाशनाचे एकूण २२ अंक, १९६५ ते १९६९. मालिका सप्टेंबर १९६४ ते जानेवारी १९६८, १०५ भाग, पहिलं पर्व काळं-पांढरं. म्हणजे मालिका गेल्यावरही कॉमिक चालू होतं. तारीख शोधायला पहिल्या पानाखालचा किंवा मुखपृष्ठावरचा लांब आकडा बघा. त्यातले शेवटचे तीन आकडे म्हणजे वर्ष आणि महिना. ७०७ म्हणजे १९६७चा जुलै, 'स्टार ट्रेक'चा पहिला अंक असाच ओळखतात. कॉमिक्स कोडचा (अमेरिकन प्रकाशकांच्या स्वतःच्या नियमावलीचा) शिक्का नाही म्हणून नकली समजू नका, गोल्ड की त्या कोडमध्ये नव्हतंच.

ए-२०५: या अंकांचं दुखणं वेगळं. मुखपृष्ठावर गडद फोटो असतो, त्यामुळे कण्याच्या भेगा पांढऱ्या उठून दिसतात आणि कुणीतरी त्या काळ्या स्केचपेनने रंगवतो. मुखपृष्ठ उघडून आतून बघा, शाई कण्याजवळ पाझरलेली दिसते. मागून टॉर्च धरला की नक्की होतं.

डी-८०१: 'अ‍ॅव्हेंजर्स'चं पण कॉमिक होतं ना? त्या स्टीड आणि मिसेस पीलच्या ब्रिटिश हेरमालिकेचं?

ए-२०५: १९६८ मध्ये एकच अंक, आणि नाव 'जॉन स्टीड एमा पील'. मार्व्हलचे अ‍ॅव्हेंजर्स १९६३ पासून बाजारात होते, मग दुसरं काय नाव देणार? मालिकेच्या पहिल्या पर्वाचे २६ भाग होते, त्यातले पूर्ण तीनच शिल्लक आहेत. तेव्हा 'संपूर्ण संच' म्हणून कुणी विकत असेल तर पहिल्या पर्वात काय आहे ते विचारा.

बी-६०२: मुलगा म्हणतो, लंडनहून अंकलच्या डीव्हीडी आणतो. आणू दे?

ए-२०५: आधी प्लेअर बघा. आपला डीव्हीडी विभाग (रीजन) ५, ब्रिटनचा २, अमेरिकेचा १, आणि एका विभागाची तबकडी दुसऱ्याच्या प्लेअरवर चालेलच असं नाही. कॉम्प्युटरच्या ड्राइव्हला विभाग पाचदाच बदलता येतो, पाचव्या वेळी जो असेल तोच कायमचा. ब्लू-रेला आपण सी, ब्रिटन बी. दुसरं म्हणजे, अमेरिकन मालिका सेकंदाला २४ चित्रांवर, ब्रिटिश डीव्हीडी २५ वर. पन्नास मिनिटांचा भाग ४८ मिनिटांत संपतो आणि सोलोचा आवाज किंचित बारीक होतो. ज्याच्या कानात मूळ आवाज बसलाय त्याला ते खटकतं. अमेरिकेहून येणारं कुणी असेल तर तिथली मागवा.

सी-३०१: तबकड्या आणि अंक एकाच डब्यात नकोत. आणि अंकांना मऊ, वास येणारं पीव्हीसीचं कव्हर घालू नका, त्यातून आम्ल सुटतं. पॉलिएस्टरची पिशवी उत्तम. पॉलिप्रॉपिलिन चालेल, पण सात-आठ वर्षांनी बदलायची. मागे आम्लरहित पुठ्ठा. मिठाईच्या खोक्याचा नको. पिशवी अंकाचं माप घेऊनच मागवा, इंद्रजाल आणि अमेरिकन अंकाचा आकार वेगळा. रुंदीत तीन-चार मिलिमीटर सूट पुरे.

बी-६०२: धन्यवाद सगळ्यांना. क्रमाने लावायला घेतलेत. १२२ आहे, १२५ आहे, मधले दोन दुपारपासून शोधतेय. खोक्याच्या तळाशी पण नाहीत.

ए-११०४: शोधू नका. १२३ आणि १२४ छापलेच गेले नाहीत, टाइम्समध्ये संप होता. पुढचे खंड-अंकवालेही सलग मोजले तर क्रमांक ८०५ पर्यंत जातात, प्रत्यक्ष अंक ८०३. कुणी ते दोन विकायला आणले तर मात्र मला लगेच फोन करा.