अंगभर पूयुक्त पुटकुळ्या: प्रत्येक वेळी बायोप्सी हवीच का?

त्वचारोगतज्ज्ञ, धंतोली (नागपूर): ताप आणि लालभडक त्वचेवर पुटकुळ्या दिसल्या की लगेच बायोप्सी करायची, हा आग्रह मला अनाठायी वाटतो. प्रतिजैविक सुरू केल्यावर एक-दोन दिवसांतच काखेत-जांघेत टाचणीच्या टोकाएवढ्या, केसांच्या मुळांशी संबंध नसलेल्या पुटकुळ्या उठल्या आणि औषध थांबवताच पंधरवड्याच्या आत साल निघून त्वचा पूर्ववत झाली, तर तो औषधजन्य एजीईपी (अंगभर अचानक पुटकुळ्या उठवणारी औषधाची प्रतिक्रिया) होय. जुना सोरायसिस, अचानक बंद केलेले स्टेरॉइड आणि पुन्हा पुन्हा येणाऱ्या लाटा असतील, तर पस्ट्युलर सोरायसिस, म्हणजे सोरायसिसचाच पुटकुळ्यांचा प्रकार.

पॅथॉलॉजिस्ट, रामदासपेठ (नागपूर): हा इतिहास हाती लागतो कुठे? गोंदिया-गडचिरोलीकडून आलेल्या रुग्णाला गावात कोणती सुई टोचली, हे पुष्कळदा ठाऊकच नसते, आणि मे महिन्याच्या उन्हात आधी घामोळ्यांची पावडर लावून झालेली असते. शृंगस्तराखाली (त्वचेच्या सर्वांत वरच्या थराखाली) न्यूट्रोफिल्स या पांढऱ्या पेशी दोन्ही आजारांत साचतात, हे खरे. परंतु अंकुरत्वचेतील (बाह्यत्वचेच्या लगेच खालच्या थरातील) सूज, इओसिनोफिल्स या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी आणि विखुरलेल्या मृत केराटिनोसाइट्स (बाह्यत्वचेच्या पेशी) एजीईपीकडे, तर जाड झालेली बाह्यत्वचा व वेड्यावाकड्या फुगलेल्या केशवाहिन्या सोरायसिसकडे झुकतात. एजीईपी समजून स्टेरॉइड दिले आणि निघाला सोरायसिस, तर ते थांबवताच आजार उसळतो.

धंतोली: सोरायसिसच्या ताज्या उद्रेकात बाह्यत्वचा जाड व्हायला वेळच मिळालेला नसतो आणि इओसिनोफिल्स त्यातही सापडतात. मग अहवालात ‘क्लिनिकल कोरिलेशन आवश्यक’ (रुग्णाच्या लक्षणांशी पडताळून पाहा) असे लिहून चेंडू पुन्हा आमच्याच अंगणात येतो!

एमडी विद्यार्थिनी: मला आजारांची दुसरी जोडी अधिक अवघड वाटते. स्नेडन आणि विल्किन्सन यांनी १९५६ मध्ये वर्णिलेल्या आजारात (सबकॉर्नियल पस्ट्युलर डर्मेटोसिस) फोडाच्या खालच्या अर्ध्यात पू आणि वर स्वच्छ द्रव दिसतो; आयजीए पेम्फिगसमध्येही (आयजीए या प्रतिपिंडामुळे होणाऱ्या फोडांच्या आजारातही) तसेच दिसू शकते आणि सूक्ष्मदर्शकाखालच्या साध्या काचपट्टीवरही फरक कळत नाही. पेशी-पेशींच्या मधल्या जागेत साचलेले आयजीए केवळ डायरेक्ट इम्युनोफ्लुरोसन्सने (प्रतिपिंडे चमकवून दाखवणाऱ्या तपासणीने) दिसते, आणि त्यासाठीचा वेगळा तुकडा फॉर्मालिनमध्ये (नमुने टिकवण्याच्या नेहमीच्या द्रावणात) बुडवला की तपासणी वाया जाते.

धंतोली: तेवढ्यापुरते मान्य. मात्र अहवालाची वाट पाहत संशयित औषध चालू ठेवणे मला पटणार नाही.

रामदासपेठ: ठेवा कोण म्हणते? औषध त्याच दिवशी थांबवा, पण ताज्या पुटकुळीचा नमुनाही त्याच दिवशी घ्या. पुटकुळ्या सुकून नुसते पापुद्रे उरल्यावर पाठवलेल्या तुकड्यात आम्ही काय शोधायचे?