खुडूक कोंबडी पिल्लांसह कळपात सोडताना

आठ दिवसांची पिल्लं आईसकट थेट सोडायची? नका सोडू. २१ दिवस अंड्यांवर बसलेल्या कोंबडीला बाकीच्या परकी समजतात. मारामारी तिच्याशी होते, चेंगरतात पिल्लं. आठवडाभर मध्ये अर्धा इंची जाळी ठेवा, एकमेकींना दिसू द्या. मग संध्याकाळी, कोंबड्या खुराड्याकडे वळायच्या तासभर आधी, मोकळ्या अंगणात सोडा. डालगं, म्हणजे कोंबड्या झाकायची बांबूची टोपली, आडव्या विटांवर टेकवा. तीन इंचांच्या फटीतून पिल्लं आत पळतात, मोठ्या अडकतात. पिल्लांचं खाद्यही त्यातच. लेअर फीडमध्ये, म्हणजे अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या खाद्यात, साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असतं, ते पिल्लांच्या मूत्रपिंडाला बाधतं. त्यापेक्षा सगळ्यांनाच चिक स्टार्टर (लहान पिल्लांचं खाद्य) द्या, अंडी देणाऱ्यांना शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात. किरकोळ टोचाटोची आई निस्तरते. रक्त दिसलं तर टोचणारी बाजूला काढा. आईला काढलंत तर सगळं पुन्हा पहिल्यापासून.