नुसता वेग बघू नका, गाडी बदलण्यात जाणारा वेळही धरा

मेट्रो सगळ्यात फास्ट मग बसकडे बघायचंच कशाला, असं बरेच जण म्हणतात ते मला अर्धंच पटतं. लांब जायचं तर मेट्रोच, वादच नाही. पण दोन स्टेशनांचं अंतर असेल तर जिने उतरा, गेटवर कार्ड टेकवा, प्लॅटफॉर्मपर्यंत चाला आणि पलीकडे परत तेवढंच चढून वर या, एवढ्यात चालत निघालेला माणूस पण कधीकधी पोचलेला असतो! आणि थांबण्याचा हिशोब कुणी धरतच नाही. दर 10 मिनिटांनी येणाऱ्या गाडीला वेळ न बघता गेलात तर सरासरी 5 मिनिटं थांबावं लागतं, अर्ध्या तासाने येणारी असेल तर 15, ते पण गाड्या वेळेवर असतील तर, त्यामुळे दोनदा बदलायचा फास्ट रूट एका सरळ बसपेक्षा हळू पडू शकतो.

टॅक्सी घ्यायचीच तर गर्दीचा भाग रेल्वेने पार करून मग घ्या, म्हणजे ट्रॅफिकमध्ये अडकून मीटर पळत राहत नाही. उतरायच्या स्टेशनवर जिना कुठल्या टोकाला आहे ते बघून त्याच डब्यात चढा, बदलताना पुढची गाडी हमखास मिळते असं नाही पण चान्स खूप वाढतो.

बाकी एकच तिकीट सगळीकडे चालायलाच हवं. जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहराने वेगवेगळ्या कंपन्यांच्या बस-रेल्वेसाठी ते 1960च्या दशकातच जमवलं, मग आज मोठ्या शहरांत तीन-तीन कार्डं का बाळगायची?